दहा आठवड्यांपासून दोन तासांपर्यंत : औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या तपासणीचा इतिहास



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषयही लढाईचाच आहे, पण तिच्यात तोफा नाहीत. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. आयुष्य फौजेत काढलेला साधा पदवीधर माणूस आहे. तरीही या विषयाने माझा पिच्छा सोडला नाही. त्याचं कारण आधी सांगतो.

गोष्ट १९९६ सालची. मी तेव्हा कंपनी कमांडर होतो. माझ्या कंपनीत बुंदेलखंडातला एक नाईक होता. उंचापुरा, कबड्डीत कुणाला न आवरणारा. दोन महिन्यांच्या वार्षिक रजेवर गावी गेला आणि तिथे खोकला आणि ताप सुरू झाला. जवळच्या बाजारातल्या डॉक्टरने गोळ्या आणि काही इंजेक्शनं दिली. तीन आठवड्यांत ताप गेला. गडी रजा संपवून परत आला, गोळ्या गावीच राहिल्या. पुढे मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "साब, बुखार तो उतर गया था."

चार महिन्यांनी तो सकाळच्या पीटीत मागे पडू लागला. मग एक दिवस बेडक्यात रक्त दिसलं. लष्करी रुग्णालयात बेडका तपासला, टीबी निघाला, नेहमीची चार औषधं सुरू झाली. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर जंतू होते तसेच. मग नमुना दूरच्या एका प्रयोगशाळेत गेला, कोणतं औषध लागू पडतं ते पाहायला. रिपोर्ट यायला दहा आठवडे लागले. त्यात लिहिलं होतं की आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही औषधांना हा जंतू दाद देत नाही. म्हणजे साडेचार महिने आपला माणूस जी औषधं रोज न चुकता घेत होता, त्यातली सर्वात कामाची दोन औषधं त्याच्यापुरती पाण्यासारखी होती. दरम्यान त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या जवानालाही टीबी झाला होता.

मी तावातावाने तिथल्या तरुण डॉक्टरला विचारलं, रिपोर्टला इतका वेळ लागायला हयगय कुणाची झाली? तो म्हणाला, "सर, हयगय कुणाचीच नाही. हा जंतू वाढायलाच तेवढा वेळ घेतो."

तो नाईक वाचला. जवळजवळ दोन वर्षं औषधं चालली. त्यातल्या कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी कानांची वाट लागली. मेडिकल बोर्ड होऊन तो घरी गेला. मी दिवाळीला फोन करतो तेव्हा त्याचा मुलगा उचलतो, कारण वडिलांना फोनवरचं ऐकू येत नाही.

ज्या रिपोर्टसाठी आम्ही दहा आठवडे थांबलो, त्यातली मुख्य गोष्ट आज दोन तासांत कळते. हे कसं घडलं आणि एवढं घडूनही काम का संपलेलं नाही, ते आज पाहू.

शत्रू दिसला, शस्त्र दिसेना

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. हीच तारीख आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळली जाते. जंतूला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत लवकरच पक्की झाली आणि पुढची शंभरहून अधिक वर्षं गावोगावच्या दवाखान्यांत तीच चालली. स्वस्त, सोपी, एका दिवसात उत्तर देणारी.

पण तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली, एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते नजरेला पडत नाहीत. लहान मुलं आणि एचआयव्ही असलेले रुग्ण यांच्या बेडक्यात अनेकदा जंतू कमी असतात, मग आजार असूनही रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो. दुसरी उणीव जास्त गंभीर. औषधाने मरणारा जंतू आणि न मरणारा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसतात. शत्रू समोर आहे हे कळतं, त्याच्या हातात कोणतं शस्त्र आहे ते कळत नाही.

ते कळण्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. याला कल्चर म्हणतात. अंड्यापासून बनवलेल्या हिरवट माध्यमावर नमुना ठेवायचा आणि वाट पाहायची. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत तयार व्हायला तीन ते आठ आठवडे जातात. त्यानंतर तोच जंतू वेगवेगळी औषधं घातलेल्या माध्यमांवर पुन्हा वाढवायचा आणि पुन्हा थांबायचं. माझ्या नाईकाचे दहा आठवडे असे गेले होते. डॉक्टर खरं बोलत होता.

औषध आलं, पाठोपाठ प्रतिकारही आला

१९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढलं. टीबीवर खरोखर चालणारं हे पहिलं औषध. ब्रिटनमध्ये १९४७ च्या सुमारास त्याची काटेकोर चाचणी झाली. सुरुवातीला रुग्ण झपाट्याने सुधारले आणि मग त्यातले बरेच पुन्हा ढासळले. त्यांच्या शरीरातले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. म्हणजे हा प्रश्न आपण नंतर निर्माण केला असं नाही. तो पहिल्या औषधाबरोबरच जन्माला आला.

यामागे साधं गणित आहे. जंतूंची संख्या वाढताना त्यांच्या जनुकांची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित चूक होते. साधारण दहा लाखांत एका जंतूला अशी चूक आयसोनियाझिडपासून वाचवते. रिफॅम्पिसिनपासून वाचवणारी चूक दहा कोटींत एखाद्याच्या वाट्याला येते. फुप्फुसात पडलेल्या एका पोकळीत दहा कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. तेव्हा एकच औषध दिलं तर त्यातून वाचणारे काही आधीपासून तिथे बसलेले असतात. बाकीचे मेले की मैदान त्यांना मोकळं. दोन औषधं एकत्र दिली तर दोन्ही चुका एकाच जंतूत असण्याची शक्यता शंभर लाख कोटींत एक एवढी कमी होते. म्हणून टीबीत नेहमी अनेक औषधं एकत्र आणि पूर्ण मुदत द्यावी लागतात.

यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १९५६ साली मद्रासला एक क्षयरोग उपचार केंद्र सुरू झालं. त्याने दाखवून दिलं की योग्य औषधं घेतली तर घरी राहणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भोवाली, मदनपल्ली, मिरज, पाचगणी इथल्या सॅनेटोरियमच्या आठवणी तुमच्यापैकी अनेकांच्या घरांत असतील. त्या युगाचा शेवट मद्रासच्या या कामाने जवळ आणला. गरिबाला घरी उपचार मिळू लागले.

घरी उपचार म्हणजे गोळ्या रुग्णाच्या हाती आणि चिठ्ठी डॉक्टरच्या हाती. तिथे गडबड झाली. १९९१ साली मुंबईतल्या शंभर खासगी डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टीबीसाठी त्यांनी औषधांची ८० वेगवेगळी मिश्रणं लिहून दिली होती. जवळपास वीस वर्षांनी मुंबईतच तसाच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा १०६ डॉक्टरांपैकी फक्त सहा जणांची चिठ्ठी बरोबर होती. माझ्या नाईकाला बाजारातल्या डॉक्टरने नेमकं काय दिलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण हे आकडे वाचले तेव्हा त्या एकट्या डॉक्टरवरचा माझा राग थोडा निवळला. तो एकटा नव्हता.

८१ अक्षरं

१९९० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये टीबी परतला. १९९१ च्या एप्रिलमध्ये शहरातल्या रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा १९ टक्के रुग्णांचे जंतू आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्हींना दाद देत नव्हते. रुग्णालयांत आणि तुरुंगांत साथी पसरल्या. एचआयव्ही असलेले रुग्ण निदानापासून चार ते सोळा आठवड्यांत दगावत होते. औषधांचा रिपोर्टही साधारण तेवढ्याच अवधीत यायचा. ती पाहणी करणारे डॉ. थॉमस फ्रीडन नंतर काही वर्षं भारतात राहिले आणि आपल्या टीबी कार्यक्रमाच्या विस्ताराला त्यांनी मदत केली.

श्रीमंत देशात साथ आली की संशोधनाला पैसा मिळतो, हे कडू असलं तरी खरं आहे. प्रश्न असा होता, जंतू वाढण्याची वाट पाहण्याऐवजी त्याची जनुकंच थेट वाचता येतील का?

१९९३ साली आमालिओ टेलेन्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. रिफॅम्पिसिन हे औषध जंतूच्या ज्या यंत्रणेला जाऊन चिकटतं, ती बनवण्याची माहिती 'आरपीओबी' नावाच्या जनुकात असते. टेलेन्टींच्या गटाने रिफॅम्पिसिनला दाद न देणारे वेगवेगळ्या ठिकाणचे ६६ जंतू तपासले. त्यातल्या ६४ मध्ये या जनुकाच्या एका छोट्या भागात बदल सापडला. औषधाला दाद देणाऱ्या ५६ जंतूंपैकी एकातही तो नव्हता. हा भाग अवघ्या ८१ अक्षरांचा. पुढे १९९८ साली टीबीच्या जंतूचा सगळा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्याची लांबी ४४ लाख अक्षरांहून अधिक भरली. चव्वेचाळीस लाखांतली एक्क्याऐंशी अक्षरं, आणि जगभरातल्या रिफॅम्पिसिन-प्रतिकाराचा जवळजवळ ९५ टक्के हिशेब त्यांत.

निसर्गाने दिलेली ही सवलत होती. आयसोनियाझिडच्या बाबतीत असं नाही, त्याचे बदल अनेक जनुकांत विखुरलेले असतात. शिवाय ज्या जंतूवर रिफॅम्पिसिन चालत नाही त्याच्यावर बहुतेक वेळा आयसोनियाझिडही चालत नाही. म्हणून एका औषधाचं उत्तर मिळालं की धोक्याची घंटा वाजवायला तेवढं पुरतं.

न पेटणारा दिवा

आता ती ८१ अक्षरं वाचायची कशी? बेडक्यात जंतू थोडे, त्यात त्यांचं जनुकद्रव्य त्याहून थोडं. इथे पीसीआर कामाला आलं. करोनामुळे हा शब्द आता घराघरांत माहीत आहे. १९८३ साली कॅरी म्युलिस यांना सुचलेल्या या पद्धतीत जनुकद्रव्याचा हवा तो तुकडा दुप्पट, चौपट, आठपट करत कोट्यवधींच्या संख्येत नेता येतो. जंतूला वाढायला आठवडे लागतात, पण त्याच्या जनुकाच्या नकला तासाभरात होतात.

नकला झाल्या तरी त्यात बदल आहे की नाही हे पाहायचं राहतंच. त्यासाठीची युक्ती न्यूयॉर्कच्या पब्लिक हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ साली मांडली. तिचं नाव मॉलेक्युलर बीकन. बीकन म्हणजे इशाऱ्याचा दिवा. केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला जनुकद्रव्याचा एक बारीक धागा समजा. त्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा रेणू. आकडा मिटलेला असेपर्यंत अंधार. समोर आपल्याशी तंतोतंत जुळणारा तुकडा आला की आकडा उघडून त्याला चिकटतो, दोन टोकं लांब जातात आणि दिवा लागतो. एखादं अक्षर जरी वेगळं असलं तरी आकडा नीट चिकटत नाही आणि दिवा लागत नाही.

डेव्हिड ॲलंड यांनी त्यागी आणि क्रेमर यांच्यासोबत हीच युक्ती टीबीवर वापरली. ती ८१ अक्षरं पाच वेगवेगळ्या रंगांच्या दिव्यांत वाटून दिली. पाचही दिवे लागले तर टीबी आहे आणि रिफॅम्पिसिन चालेल. एकही लागला नाही तर टीबीचा जंतू सापडला नाही. आणि चार लागून एक विझलेला राहिला, तर टीबी आहे आणि रिफॅम्पिसिन चालणार नाही. न पेटलेल्या दिव्यावरून शत्रूचं शस्त्र ओळखायचं. मला विज्ञानातलं फार कळत नाही, पण ही रचना समजली त्या दिवशी मी कागदावर ती तीनदा काढून पाहिली.

टपालखात्यातून आलेलं यंत्र

प्रयोगशाळेत चालणारी गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यात चालेलच असं नसतं. पीसीआरला तेव्हा वेगवेगळ्या खोल्या, कुशल हात आणि कमालीची स्वच्छता लागायची. आधीच्या नमुन्याचा एक कण हवेतून उडाला तरी पुढचा रिपोर्ट खोटा येतो.

याचं उत्तर वेगळ्याच दिशेने आलं, आणि इथे माझ्यातला फौजी जागा झाला. २००१ च्या शरद ऋतूत अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली आणि पाच माणसं दगावली. टपालाच्या छाननी केंद्रांवर हवेतला अँथ्रॅक्स आपोआप ओळखणारी यंत्रणा हवी झाली. कॅलिफोर्नियातल्या सेफिड या कंपनीचं तंत्र तिथे वापरलं गेलं. नमुना एका बंद प्लास्टिकच्या कुपीत जातो, त्या कार्ट्रिजच्या आतच सगळ्या प्रक्रिया होतात, माणसाचा हात लागत नाही. हेच ते जीनएक्स्पर्ट यंत्र.

२००३ साली जिनिव्हात स्थापन झालेली 'फाइंड' ही ना-नफा संस्था, सेफिड कंपनी आणि ॲलंड यांचा गट एकत्र आले. अमेरिकी सरकारी संशोधन संस्था आणि गेट्स फाउंडेशनने पैसा दिला. बेडक्यात एक द्रावण मिसळून पंधरा मिनिटं ठेवायचं. त्याने जंतू बहुतांशी मरतात, त्यामुळे काम करणाऱ्याचा धोका कमी होतो. मग ते मिश्रण कार्ट्रिजमध्ये ओतायचं आणि कार्ट्रिज यंत्रात बसवायची. आत गाळणी जंतूंना पकडते, ध्वनिलहरी त्यांना फोडतात, नकला होतात, दिवे लागतात किंवा लागत नाहीत. दोन तासांच्या आत उत्तर. प्रत्येक कार्ट्रिजमध्ये यंत्र बरोबर चाललं आहे ना हे पाहण्यासाठी एका निरुपद्रवी जंतूचे बीजाणू घातलेले असतात. तो जंतू म्हणजे बॅसिलस ग्लोबिजाय. अनेक देशांच्या लष्करांनी जैविक युद्धाच्या सरावात अँथ्रॅक्सची नक्कल म्हणून हाच वापरला होता. सैनिकी तंत्रातून आलेल्या किती वस्तू पुढे माणसं वाचवायला लागल्या असतील, याची यादी मी ठेवतो. ही त्यातली सर्वात आवडती.

टुगेला फेरी आणि मुंबई

हे काम चालू असतानाच २००६ साली दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एका निबंधाने जगाला हादरवलं. क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या टुगेला फेरी या खेड्यातल्या रुग्णालयात ५३ रुग्ण असे आढळले, ज्यांच्या जंतूंवर जवळपास कोणतंच मुख्य औषध चालत नव्हतं. त्यातले ५२ दगावले. ज्यांच्या मृत्यूच्या तारखा हाती होत्या त्यातले निम्मे, नमुना घेतल्यापासून साधारण सोळा दिवसांत गेले. सोळा दिवस! कल्चरवर पहिली वसाहत दिसायच्या आत. रिपोर्ट आला तेव्हा तो वाचून उपचार करायला समोर रुग्णच उरला नव्हता.

२०१० च्या सप्टेंबरमध्ये जीनएक्स्पर्टच्या मोठ्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. लिमा, बाकू, केपटाउन, डरबन आणि मुंबई अशी पाच ठिकाणं, १,७३० रुग्ण. मुंबईतलं काम हिंदुजा रुग्णालयात झालं आणि तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. कॅमिला रॉड्रिग्स त्या निबंधाच्या सहलेखिका होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांचे जंतू दिसत होते अशा रुग्णांत नव्या तपासणीने ९८ टक्के जणांचा टीबी पकडला. ज्यांचे दिसत नव्हते, पण कल्चरमध्ये वाढले होते, अशांतही एकाच तपासणीत ७२ टक्क्यांहून अधिक जणांचा पकडला. रिफॅम्पिसिनला दाद न देणारे २०५ रुग्ण होते, त्यातले २०० बरोबर ओळखले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तपासणीला मान्यता दिली.

वर्षभरात मुंबईचं नाव पुन्हा चर्चेत आलं, या वेळी चांगल्या कारणाने नाही. हिंदुजाचेच डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या कोणत्याच औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. 'पूर्णतः औषधरोधक' या शब्दावर सरकारने आक्षेप घेतला, जागतिक आरोग्य संघटनेनेही तो शब्द स्वीकारला नाही. शब्दावरून वाद झाला तरी ते चार रुग्ण खरे होते. त्यानंतर यंत्रणा हलली. २०१२ च्या मे महिन्यात टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक झालं. जूनमध्ये टीबीसाठीच्या रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासण्यांवर बंदी आली. या तपासण्याही 'झटपट' होत्या आणि देशभर धडाक्यात चालत होत्या, पण त्यांची उत्तरं भरवशाची नव्हती. फौजेत आम्हाला शिकवलं जायचं की उशिरा आलेली खबर वाईट, पण लवकर आलेली खोटी खबर त्याहून वाईट. इथे दोन्ही पाहायला मिळतं.

गोव्याचं यंत्र

नव्या तपासणीची अडचण होती किंमत. चार नमुने एकदम तपासणारं यंत्र सवलतीतही सुमारे १७ हजार डॉलरना आणि एकेक कार्ट्रिज जवळपास १७ डॉलरना. २०१२ साली काही देणगीदार संस्थांनी पुढाकार घेऊन गरीब आणि मध्यम देशांच्या सरकारी कार्यक्रमांसाठी कार्ट्रिजची किंमत ९.९८ डॉलरवर आणली. तिथे ती अकरा वर्षं थांबली. बराच दबाव आल्यावर २०२३ साली ७.९७ डॉलर झाली. शिवाय यंत्राला अखंड वीज आणि थंड खोली लागते. उन्हाळ्यातल्या आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं चित्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अडचण लक्षात येईल.

या जागी एक भारतीय यंत्र उभं राहिलं. बंगळूरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये डॉ. चंद्रशेखर नायर आणि सहकाऱ्यांनी बॅटरीवर चालणारं, टेबलावर मावणारं पीसीआर यंत्र तयार केलं. गोव्यातली मोलबायो ही कंपनी ते ट्रूनॅट या नावाने बनवते. कार्ट्रिजऐवजी छोटी चिप. टीबी आहे का हे तासाभरात कळतं, असेल तर दुसऱ्या चिपवर आणखी तासाभरात रिफॅम्पिसिनचं उत्तर मिळतं. वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनंतर २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याच वर्षी करोना आला आणि हीच यंत्रं करोनाच्या तपासणीला जुंपली गेली. देशातल्या टीबी रुग्णांची नोंद २०१९ मधल्या २४ लाखांवरून २०२० मध्ये १८ लाखांवर आली. टीबी कमी झाला नव्हता, आपली नजर दुसरीकडे होती.

उरलेला वेळ

ही कहाणी विजयाच्या बिगुलावर संपवता आली असती तर मला आवडलं असतं. पण तसं करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

जंतू गप्प बसलेला नाही. आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये २००९-१० च्या पाहणीत दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंपैकी सुमारे तीस टक्के जंतूंत बदल होता, पण तो त्या ८१ अक्षरांच्या बाहेर. पाचही दिवे लागले आणि तपासणी म्हणाली, औषध चालेल. प्रत्यक्षात ते चालत नव्हतं. ज्या जंतूवर फक्त आयसोनियाझिड चालत नाही, तोही या तपासणीतून सुटतो. त्यासाठी पुढच्या पिढीच्या कार्ट्रिज आल्या आहेत. बेडाक्विलिन या नव्या औषधाने तर उपचारच बदलले. कान घालवणारी इंजेक्शनं आता सहसा द्यावी लागत नाहीत, आणि दोन वर्षांचा उपचार अनेकांसाठी सहा महिन्यांवर आला. पण बेडाक्विलिनच्या प्रतिकाराला ८१ अक्षरांसारखा एक सोयीचा पत्ता नाही. त्यासाठी जनुकांचे लांब तुकडे वाचावे लागतात, आणि ते काम अजून तालुक्यापर्यंत आलेलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की तपासणी दोन तासांची झाली, तरी रुग्ण तिच्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ तसाच आहे. २०२३ साली जगात टीबीचं नव्याने निदान झालेल्यांपैकी ४८ टक्के जणांचीच पहिली तपासणी या जलद पद्धतीने झाली होती. बाकीच्यांच्या वाट्याला अजूनही सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण किंवा नुसता अंदाज आला. माझ्या नाईकाचा हिशेब मी आता पुन्हा मांडतो. प्रयोगशाळेने दहा आठवडे घेतले हे खरं. पण त्याआधी रजेतले आठवडे, परत आल्यावरचे चार महिने, आणि लागू न पडणाऱ्या औषधांवर काढलेले दोन महिने होतेच. यातले चार महिने माझ्या नजरेसमोर गेले. पीटीत मागे पडणाऱ्या माणसाला मी 'रजेवर सुस्तावला' असं म्हटलं होतं. तो वेळ कोणतंही यंत्र कमी करू शकलं नसतं. तो माझ्या हातात होता.

तेव्हा मंडळी, आज तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला किंवा दिल्लीला, एवढं लक्षात ठेवा. घरात किंवा कामावर कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, ताप असेल, वजन उतरत असेल, तर सरकारी केंद्रात न्या. तिथे तपासणी मोफत असते. जाऊन 'सीबीनॅट' किंवा 'ट्रूनॅट' हे शब्द उच्चारा, आणि टीबी निघाला तर रिफॅम्पिसिन चालतं का हे रिपोर्टवर लिहिलंय ना, ते पाहा. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ती तपासणी प्रत्येक टीबी रुग्णाची व्हायला हवी. ती मागण्यात संकोच कसला? आणि ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवू देऊ नका.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या रणांगणावर भेटू. जय हिंद.